घरात ओली बाळंतीण आणि लाईट गेलेली

माझी मुलगी १४ मे २०२० ची. सातव्या महिन्यात माहेरी दापोलीजवळच्या गावी आले होते ते लॉकडाऊनमुळे तिथेच राहिले, नवरा पुण्यात अडकलेला. आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ते श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं पण आमच्याकडेही अर्ध्या घराची कौलं उडाली, वाडीतले पोल आडवे झाले आणि लाईट गेली ती चोविसाव्या दिवशी आली. पोर तेव्हा वीस दिवसांची. त्यामुळे आता मैत्रिणींपैकी कुणी बाळंतपणाला माहेरी निघाली की मला हमखास विचारते, लाईट गेली तर काय करायचं गं, प्रत्येकीला वेगळं सांगून कंटाळले म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. दोन-चार तासांच्या लोडशेडिंगलाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त पाणी आणि लंगोटांचं सोडून द्या.

लाईट गेली की आपण आधी उजेडाच्या मागे धावतो, मेणबत्ती कुठाय, बॅटरी कुठाय, मोबाईल किती टक्के आहे. बाळाला उजेडाचं काहीच पडलेलं नसतं. त्याला त्रास होतो उकाड्याचा आणि धुराचा. त्यामुळे आधी खोलीतली हवा बघा.

दुसऱ्या रात्रीचं सांगते. बाहेर पाऊस म्हणून सगळ्या खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, आणि पोर दहापासून जी रडायला लागली ती थांबेचना. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, आजीने दृष्ट काढली, काहीच उपयोग नाही. हाताला ताप लागत होता म्हणून काखेत थर्मामीटर लावला तर १००. मला घामच फुटला कारण टॉवर बंद, फोन लागत नाही, रस्त्यावर झाडं पडलेली. मग आईने बॅटरी जवळ धरली तर पोरीच्या मानेवर लालभडक घामोळं, अंगात झबलं, डोक्याला टोपडं, वरून दुपट्यात घट्ट गुंडाळलेली. सगळं काढलं, नुसता लंगोट ठेवला, पडवीकडची खिडकी उघडली आणि आजी विंझणा घेऊन बसली. वीस मिनिटांनी परत मोजलं तर ९८.९, आणि पोर झोपलेली.

तर हात-पाय गार लागतात म्हणून कपडे चढवत जाऊ नका, तान्ह्या बाळाचे हात-पाय बऱ्याचदा गारच लागतात, गरम आहे का हे मानेमागे किंवा छातीला हात लावून बघायचं. मान घामेजलेली असेल तर एक थर कमी, टोपडं तर आधी काढा, बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते. काखेत ९७.७ ते ९९.५ नॉर्मल. कपडे काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजल्यावरही १०० च्या आसपासच राहत असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि १००.४ किंवा त्याच्या वर असेल तर मनानेच पॅरासिटामॉल देत बसू नका, एक-दोन महिन्यांच्या बाळाचा ताप डॉक्टरने बघायलाच लागतो, रात्र असली तरी. उलटं म्हणजे पावसापाण्यात ९७.७ च्या खाली गेलं, तर बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर घ्या आणि दोघींवर मिळून एकच पांघरूण, यासारखा हीटर नाही. तरीही वर येत नसेल तर थांबू नका.

खिडकीला ओली चादर लावायची आयडिया नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात मस्त चालते, कोकणात हवेतच इतकं पाणी असतं की त्याने खोली नुसती कोंदट होते. आम्ही खाटेवरून खाली आलो, मातीची जमीन गार असते, त्यावर चटई आणि चटईवर पातळ सतरंजी. वादळानंतर विंचू-साप घरात शिरतात म्हणून मच्छरदाणी चारी बाजूंनी चटईखाली खोचायची. बाळ उताणं, आजूबाजूला उशा-लोड काही नाही. डासांसाठी कॉईल किंवा कडुलिंबाचा धूर बाळाच्या खोलीत नको, मच्छरदाणी पुरते.

आता धुरावरून आठवलं, आमच्याकडे यावरून चांगलंच वाजलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी ही जुनी पद्धत, आणि बाहेर गारठा, लंगोट वाळत नाहीत म्हटल्यावर आजीने निखारे आणून ठेवलेच. एरवी दारं-खिडक्या उघड्या असतात, वर पंखा असतो, लाईट नसताना आणि खिडक्या बंद असताना कोळशाची शेगडी म्हणजे विष आहे. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, डोकं दुखतं, गुंगी येते आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. आजी म्हणाली, अगं मी सहा बाळंतपणं कंदिलावर काढली, तुझ्या आईला काय झालं का? मी म्हटलं, आजी तेव्हा घराला फटी किती होत्या, आता भावाने सगळं सिमेंटने लिंपून टाकलंय. तिला ते पटलं की नाही माहीत नाही पण शेगडी पडवीत गेली. जनरेटर असेल तर तोही घराच्या बाहेर, खिडकीपासून लांब. आणि शहरात उकडतंय म्हणून बंद पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून बाळाला घेऊन बसू नका, कारण तेच.

दुधाचं. अंगावर पाजत असाल तर निम्मी काळजी मिटली. फक्त उकाड्यात बाळ जास्त वेळा मागतं, तासा-तासाला मागेल, तर पाजत राहायचं. घशाला कोरड पडली असेल गं म्हणून कुणीतरी चमच्याने पाणी घालायला येतंच, सहा महिने होईपर्यंत वरचं पाणी नाही, मधही नाही आणि गुटीही नाही. पाणी आईने प्यायचं. शूला बघा, पहिला आठवडा झाला की चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत, त्याहून कमी, टाळू आत गेलेली, प्यायला उठतच नाही असं झालं तर लगेच दवाखाना. आई आणि तान्ह्या बाळाला न्यायला १०२, एरवीची इमर्जन्सी १०८. हे नंबर, तुमच्या डॉक्टरचा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर, बाळाचं वजन, कुठलं औषध किती, हे सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. माझं सगळं मोबाईलमध्ये होतं आणि मोबाईल तिसऱ्या दिवशी गेला.

माझी गडबड अशी की पोर एका बाजूने नीट ओढत नव्हती म्हणून मी इलेक्ट्रिक पंपावर होते, आणि फ्रीजरमध्ये चार पिशव्या दूध साठवलेलं. फ्रीज उघडलाच नाही तर खालचा भाग साधारण चार तास थंड राहतो, फ्रीजर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वादळाची बातमी आली त्याच दिवशी. आमच्या घरात दर तासाला कुणीतरी उघडून बघायचं, अजून थंड आहे का म्हणून! गेलं सगळं. दूध पूर्ण वितळलेलं नसेल, आत बर्फाचे कण दिसत असतील, तर परत गोठवलं तरी चालतं, पूर्ण वितळून गरम झालेलं टाकायचं, रडू आलं तरी. ताजं काढलेलं दूध २५ डिग्रीपर्यंत चार तास टिकतं असं सांगतात पण मे-जूनमध्ये आपल्या घरात २५ कुठून येणार, मी दोन तासांच्या वर ठेवत नव्हते.

हाताने दूध काढायला मला आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा सेविकेने (सरकारी आरोग्य कार्यकर्ती) शिकवलं. एकविसाव्या दिवशी त्यांची घरी व्हिजिट असते, रस्ता बंद म्हणून त्या दोन दिवसांनी आल्या, पण पडलेल्या झाडांवरून चढून चालत आल्या. त्यांनी दाखवलेलं असं, हात धुवा, वाटी उकळून घ्या, स्तन कोमट फडक्याने जरा शेकून हलका मसाज करा, मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला, निप्पलवर नाही. आधी छातीकडे आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं, परत. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिली दोन-तीन मिनिटं थेंबही येत नाही, तिथेच सगळ्या सोडून देतात, सोडू नका. एकदा पान्हा फुटला की जागा बदलत बदलत काढायचं. दुखलं तर कुठेतरी चुकतंय. हे लाईट असतानाच एकदा करून बघा. पाजायला वाटी-चमचाच बरा, बाटली आणि तिची निप्पलं उकळत बसायला गॅस आणि पाणी दोन्ही जातं.

पावडरचं दूध देत असाल तर पाणी खळखळून उकळून चांगल्या थर्मासमध्ये भरून ठेवा आणि दर वेळी ताजंच बनवा. पाणी निदान ७० डिग्री गरम असतानाच पावडर घालायची आणि मग भांडं गार पाण्यात धरून निववायचं. बनवलेलं दोन तासांच्या आत संपवा, बाळाने तोंड लावून उरलेलं तासाभराने फेका.

उजेडासाठी चार्जिंगची बॅटरी छताकडे तोंड करून ठेवा, वर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवली की खोलीभर मऊ उजेड पसरतो. मेणबत्ती आणि कंदील मच्छरदाणीच्या आसपास नको. एक गोष्ट मात्र उजेडाचीच आहे, कावीळ. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात पिवळं बाळ ओळखूच येत नाही. रोज सकाळी दारात दिवसाच्या उजेडात कपाळ किंवा छाती बोटाने दाबून सोडायची आणि कातडी पिवळी दिसते का बघायचं. पोट-पायापर्यंत पिवळं असेल, बाळ सुस्त असेल, तर कोवळ्या उन्हात धरून भागत नाही, दाखवायला न्या.

पाणी म्हणजे आमची विहीर आणि रहाट, त्यामुळे निभावलं. बोअर असेल तर पंप बंद म्हणजे सगळंच बंद, पिंप भरून ठेवा. आंघोळ रोज नाही घातली तरी काही बिघडत नाही, मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करायच्या. लंगोट दमट राहिले की पुरळ येतं, पंखा नाही, ऊन नाही, मग आजीने तिची जुनी युक्ती काढली, पितळेच्या तांब्यात निखारे घालून (पडवीत!) त्याचीच इस्त्री. झकास वाळतात. डायपरचं एकच पाकीट होतं ते फक्त रात्रीपुरतं वापरलं.

इन्व्हर्टर असेल तर साधा हिशोब, १५० एएचची बरी बॅटरी असेल तर एक साधा पंखा आणि एक एलईडी बल्ब यावर बारा-तेरा तास निघतात, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा असेल तर जवळपास दुप्पट. पण घरातल्यांनी टीव्ही लावला की संपलं. बाळाची खोली सोडून बाकी सगळं बंद ठेवायचं, आणि बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर डिलिव्हरीच्या आधीच तपासून घ्या.

आणि लाईट जाईल तेव्हाच सगळी बटणं बंद करा. आमच्याकडे चोविसाव्या दिवशी रात्री अडीचला आली, ट्यूब, टीव्ही, मिक्सरसकट सगळं एकदम सुरू, मोठ्या मुश्किलीने झोपलेली पोर किंचाळत उठली आणि व्होल्टेज वर-खाली होऊन फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला. ओटीवरचा एक झिरोचा बल्ब तेवढा चालू ठेवायचा, तो लागला की कळतं, मग दहा मिनिटं थांबून फ्रीज.