वाय-फाय रखडतंय? स्पेक्ट्रम वाया घालवणाऱ्या या चुका टाळा

वाय-फाय रखडलं की बहुतेक जण आधी ॲक्सेस पॉइंटची, म्हणजे वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणाची, पॉवर वाढवतात. पण मोबाइलची पॉवर तेवढीच राहते, त्यामुळे त्याला सिग्नल जोरात मिळतो आणि त्याचं उत्तर मात्र क्षीणच पोहोचतं. शिवाय त्याच चॅनलवरचे लांबचे ॲक्सेस पॉइंट आता आपल्याला ऐकून थांबायला लागतात. थोड्या अंतरावर तीच फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरता येणं ही स्पेक्ट्रमची (उपलब्ध रेडिओ फ्रिक्वेन्सींची) सर्वांत मोठी बचत, आणि पॉवर वाढवून आपण तीच घालवतो. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या सूत्रानुसार सिग्नल मुळात चांगला असताना पॉवर दुप्पट केली, तरी दर हर्ट्झमागे सेकंदाला जेमतेम एक बिट वाढतो.

२.४ गिगाहर्ट्झवर १ आणि ६ गजबजलेले दिसले म्हणून चॅनल ३ निवडू नका. शेजारचे चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर असतात, सिग्नल मात्र सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. एकाच चॅनलवरची उपकरणं एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात; अर्धवट चढलेल्या चॅनलचा मात्र नुसता गोंगाट होतो. १, ६, ११ यांतलाच एक घ्या, रुंदी २० ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा मोह होतो. आसपास कोणी नसेल तर खुशाल वापरा. दाटीच्या जागी २० किंवा ४० बरं, कारण रुंदी दुप्पट झाली की नॉइज ३ डेसिबलने वाढतो आणि मोकळे चॅनलही निम्मे उरतात.

सर्वांत दुर्लक्षित चूक म्हणजे ढीगभर एसएसआयडी (यादीत दिसणारी वाय-फायची नावं). प्रत्येक एसएसआयडीसाठी सेकंदाला साधारण १० बीकन (‘मी इथे आहे’ सांगणारे छोटे संदेश) जातात, तेही सर्वांत कमी बेसिक रेटने (सगळ्या उपकरणांना झेपायलाच हवा अशा वेगाने). २५० बाइटचा बीकन १ एमबीपीएसला सव्वादोन मिलिसेकंद हवा अडवतो, ६ एमबीपीएसला अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी. आता एका चॅनलवर चार ॲक्सेस पॉइंट आणि प्रत्येकावर पाच एसएसआयडी धरा: १ एमबीपीएसला ४० टक्क्यांहून जास्त एअरटाइम (चॅनलचा वेळ) नुसत्या बीकनमध्ये जातो, एकही यूजर जोडलेला नसताना!

म्हणून सेटिंग बदलण्याआधी गर्दीच्या वेळी चॅनल युटिलायझेशन (चॅनल किती वेळ व्यस्त असतो) आणि रिट्राय (पुन्हा पाठवावे लागलेले संदेश) बघा. युटिलायझेशन जास्त पण डेटा कमी असेल तर एसएसआयडी दोन-तीनवर आणा आणि १, २, ५.५, ११ हे जुने रेट बंद करा. त्याआधी फक्त ८०२.११बी (हेच रेट वापरणारं वाय-फायचं जुनं मानक) चालणारं एखादं जुनं उपकरण नेटवर्कवर नाही ना, ते तपासा. रेट बंद होताच ते जोडलंच जाणार नाही.