फोम बोर्डच्या फ्लाइंग विंगची फडफड कशी थांबवली

विंग (रिमोटवर उडणारं, शेपूट नसलेलं फोमचं विमान) हातातून सोडली की छान चढायची, सरळ जायची, पण थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला रे नेला की घर्रर्र असा आवाज आणि एक बाजू थरथरायला लागायची. आधी प्रॉपवर (मोटरवरच्या पंख्यावर) संशय आला, पण जमिनीवर घट्ट धरून फुल थ्रॉटल दिला तर काहीच नाही, म्हणजे मोटर आणि प्रॉप दोन्ही निर्दोष सुटले. मग एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) बोटात धरून हलवला तर सर्वो (ती पट्टी वायरने हलवणारी छोटी मोटर) जागचा हलला नाही आणि मागची कड मात्र 3-4 मिमी वरखाली झाली, चोर सापडला! हॉर्नचं (एलेव्हॉनवरच्या, सर्वोची वायर अडकवायच्या तुकड्याचं) भोक वायरपेक्षा मोठं, त्यात एलेव्हॉन लांबलचक, त्यामुळे टोकाकडे पीळ पडायचा आणि वेगात हवा त्यालाच फडफडवायची.

भोकात घट्ट बसेल अशी जाड वायर टाकली, हॉर्नवर बाहेरचं भोक आणि सर्वोवर आतलं भोक घेतलं (हालचाल थोडी कमी होते, पण पकड येते). एलेव्हॉनला लांबीभर चीर देऊन 2 मिमीचा कार्बन रॉड चिकटवला, वरून टेप, हिंजची फट पण टेपने बंद.

एक लक्षात ठेवा, हे सगळं वजन मागे वाढतं, आणि शेपूट नसलेल्या विमानाला सीजी (वजनाचा मध्यबिंदू) जरासा मागे गेलेलाही चालत नाही, म्हणून बॅटरी पुढे सरकवून परत बॅलन्स केलं. दोन्ही एलेव्हॉन न्यूट्रलला (स्टिक मध्यावर असताना) 2 मिमी वर ठेवलेत ते तसेच, सपाट केले तर नाक खाली घालते. आता फुल थ्रॉटलला नुसता प्रॉपचा आवाज. डाईव्ह मारून अजून बघितलेलं नाही.