स्ट्रेप्टोकोकसची पेप्टाइड लस: या चुका टाळा

परळच्या रुग्णालयांबाहेर हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची तारीख घेऊन बसलेली विशीतली मुलं दिसतात. त्यातल्या काहींच्या दुखण्याची सुरुवात लहानपणी अ-गट स्ट्रेप्टोकोकस या जंतूमुळे नुसत्या दुखऱ्या घशाने झालेली असते. म्हणून या जंतूवरची लस बनवण्याच्या कामात चूक झाली की फार लागतं.

सगळ्यात महाग चूक होते पेप्टाइड, म्हणजे लशीसाठी घ्यायचा जंतूच्या प्रथिनाचा छोटा तुकडा, निवडताना. अ-गट स्ट्रेप्टोकोकसच्या पृष्ठभागावरच्या एम प्रथिनाचे 200 हून जास्त प्रकार आहेत. बाहेरचं टोक प्रकारागणिक बदलतं, पेशीजवळचा भाग बराचसा तसाच राहतो, म्हणून मोह त्याचाच पडतो. पण या प्रथिनाचे काही भाग हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाशी मिळतेजुळते आहेत. 1960 च्या दशकात अमेरिकेत एम प्रथिनाची लस टोचलेल्या काही मुलांना ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणजे झडपा बिघडवणारा तोच आजार, झाला. 1979 मध्ये तिथे अशा लशींवर बंदी आली, ती उठायला पंचवीसहून जास्त वर्षं गेली. तेव्हा साम्य आधी तपासा, पेप्टाइडची ऑर्डर नंतर द्या.

लांब प्रथिनातून तुकडा कापला की त्याचा पीळ सुटतो, आणि मग अँटिबॉडी भलत्याच आकाराविरुद्ध तयार होतात. ऑस्ट्रेलियात मायकेल गुड यांच्या गटाने जे8 या लशीच्या पेप्टाइडमध्ये एम प्रथिनाची 12 अमिनो आम्लं घेतली आणि दोन्ही बाजूंना यीस्टच्या प्रथिनाचा आधार देऊन 28 केली, ती हा पीळ टिकवण्यासाठीच.

पावसाळ्यात फ्रीजरमधून काढलेली पेप्टाइडची कुपी लगेच उघडू नका. जुलैतल्या मुंबईच्या हवेत पांढरी भुकटी बघता बघता चिकट होऊन काचेला बसते. डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पेप्टाइडमध्ये सिस्टीन हे अमिनो आम्ल असेल तर वाहक प्रथिनाशी (पेप्टाइड ज्याला जोडून टोचतात त्या मोठ्या प्रथिनाशी) जोडणीच्या दिवशीच विरघळवा, नाहीतर दोन रेणू एकमेकांनाच धरून बसतात.

आमच्या लॅबमध्ये उंदरांच्या सीरमची पहिली एलायझा (रंगावरून अँटिबॉडी मोजणारी चाचणी) प्लेट पिवळीधमक आली, तेव्हा पेढे वाटले होते. प्लेटवर लावलं होतं तेच, जे टोचलं होतं: डिप्थेरिया टॉक्सॉइड या वाहक प्रथिनाला जोडलेलं पेप्टाइड. वेगळ्या वाहक प्रथिनावर तेच पेप्टाइड लावलं, तर प्लेटचे खळगे जवळजवळ कोरे. उंदरांनी अँटिबॉडी केल्या होत्या त्या टॉक्सॉइडविरुद्ध. तीन महिने गेले. प्लेटला वाहक नेहमी दुसरा घ्या.

आणि एलायझावर थांबू नका. हा जंतू स्पायसेप नावाचं विकर सोडतो. पांढऱ्या पेशींना बोलावणारा आयएल-8 हा रेणूच ते कापून टाकतं. अँटिबॉडी जंतूला चिकटली तरी त्याला गिळणारं कोणी जवळ नसतं. म्हणूनच जे8 बरोबर स्पायसेपचा 20 अमिनो आम्लांचा एस2 हा तुकडा जोडीने तपासला जातो. तुमचं सीरमही जिवंत जंतू आणि पांढऱ्या पेशींसोबत ठेवा, आणि किती जंतू उरले ते दुसऱ्या दिवशी ब्लड अगारवर (जंतू वाढवायच्या रक्त घातलेल्या जेलीवर) मोजा.