माश्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या नवख्यांसाठी, खान्देशातून

मधमाश्या, गांधीलमाश्या, भुंगे यांचे फोटो काढून त्यांची जात ओळखायची, हा माझा छंद. त्यात नवख्यांचा कॅमेरा कुठला घेऊ हा प्रश्न पहिल्याच मेसेजमध्ये येतो म्हणून तो आधी संपवते. मोबाईल आणि त्यावर चिमट्याने बसणारी मॅक्रो लेन्स, एवढ्यावर सुरुवातीला मस्त काम होतं. त्या लेन्सला माशीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं, त्यात निम्म्या माश्या उडून जातात, पण त्यातूनच माशी कधी बुजते नि कधी तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही हे कळायला लागतं, जे महागड्या लेन्सवाल्यांना फार उशिरा कळतं असं माझं मत आहे. पैसे असतील तर ९० किंवा १०० एमएमची मॅक्रो घ्या आणि फ्लॅश घ्या. आपल्याकडच्या उन्हात फ्लॅश कशाला असं वाटतं ना, पण दुपारच्या उन्हात भुंग्याचं (म्हणजे लाकूड पोखरणारी ती जाडजूड माशी) डोकं नुसता काळा गोळा येतो आणि पंख पांढरेफट्ट जळतात. अ‍ॅपर्चर एफ ११, शटर १/२००, आणि उजेड मऊ करायला फ्लॅशसमोर टीव्हीच्या खोक्यात येतं ते पांढरं पातळ फोम. झालं. कॅमेऱ्याचं पुराण बंद.

चार पंख म्हणजे मधमाशी-गांधीलमाशी, दोन पंख म्हणजे साधी माशी, हे तुम्हाला माहीत असणार. तरी कांद्याच्या डोंगळ्यावर 'मधमाशी' म्हणून काढलेल्यातले भरपूर फोटो सिरफिड नावाच्या साध्या माश्यांचे निघतात, पिवळे पट्टे वगैरे सगळी नक्कल जशीच्या तशी. पंख मोजत बसू नका, मधमाशीचे पुढचे-मागचे पंख आकड्यांनी अडकलेले असतात त्यामुळे तेही दोनच दिसतात. डोळे नि अँटेना बघा. डोकं म्हणजे जवळपास डोळेच, आणि अँटेना दिसेल न दिसेल अशी, मग ती साधी माशी.

आता खरी गोची. हिच्यात मी पुरती अडकले होते, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

तुम्ही तुळशीपाशी बसलात. निळसर पट्ट्यांची माशी आली, ही अमेगिला. एका मंजिरीवर थांबली न थांबली की दुसरीवर. तुम्ही पाठीचा फोटो मारला, ती पानाआड गेली, परत आली, चेहऱ्याचा मारला, मग कडेचा. घरी येऊन तिन्ही फोटो एका फोल्डरमध्ये, एकाच माशीचे म्हणून. पण पानाआडून जी बाहेर आली ती तीच होती हे कोणी सांगितलं? त्याच तुळशीवर थायरियस नावाची दुसरी माशी येते, तिच्याही अंगावर निळं असतं, फक्त सलग पट्टे नाहीत, ठिपके. आणि ती अमेगिलाच्याच बिळात चोरून अंडी घालते, म्हणजे जिथे एक तिथे दुसरी घुटमळणारच. पाठीवरचे ठिपके नीट दिसले तर तुम्ही वाचलात. पण पाठ एकीची, चेहरा दुसरीचा, मागचे पाय तिसरीचे असं झालं की जगात नसलेलीच एक माशी तुमच्या फोल्डरमध्ये तयार होते. मग तुम्ही रात्री दीड वाजता ओळखतक्ते चाळत बसता, कशातच बसत नाही, आणि 'नवीन जात सापडली की काय' असं मनात यायला लागतं. नाही सापडलेली. झोपा.

नर-मादीने तर अजून घोळ होतो. काही भुंग्यांमध्ये मादी काळी आणि नर अख्खा पिवळसर असतो, तिथे उलटं, एकाच जातीच्या दोन जाती करून बसतो आपण.

उपाय साधा आहे पण शिस्तीने करावा लागतो. माशी नजरेआड झाली की ती संपली. परत जी आली ती नवी. मध्ये स्वतःच्या तळहाताचा एक फोटो मारायचा. तळहात, माशी, माशी, माशी, तळहात. घरी आल्यावर दोन तळहातांच्या मधलं सगळं एकीचं, बाकी कशाला कशाशी जोडायचं नाही. फोटो कितीही चांगला असला तरी नाही. मेमरी कार्डात नुसते हात दिसतात, घरचे हसतात, हसू द्या.

आणि त्या एकीचे कोणते फोटो? पाठीचा सगळ्यात सोपा येतो आणि सगळ्यात कमी कामाचा असतो. कडेने घ्या, समोरून चेहरा घ्या, मागचे पाय घ्या, आणि पुढचा पंख पसरलेला मिळाला तर सोनं. का ते सांगते. परागकणांचा ब्रश अमेगिलाच्या मागच्या पायांवर असतो, पानं कापणाऱ्या मेगाकायलीच्या पोटाखाली असतो, थायरियसला नसतोच कारण ती कष्ट करत नाही. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला शिरांनी बंद झालेले कप्पे असतात, मेगाकायलीत दोन, अमेगिलात आणि भुंग्यात तीन. अँटेनाची पेरं मोजता आली तर मादीला १२, नराला १३. कडेच्या एका फोटोत यातलं बरंच कळतं, वरून काढलेल्या पन्नास फोटोंत नाही. परत सांगते, वरून नाही, कडेने.

हे वाचून टेन्शन घेऊ नका. सुरुवातीला एका माशीचे दोन कोन मिळाले तरी खूप झालं.

कुठे जायचं? लोक लगेच पाल, यावल, तोरणमाळ, पाटणादेवी म्हणतात. जा ना, पण अभयारण्यात परवानगी विचारून जा, आणि खरं सांगू का, पहिलं वर्ष बांधावरच काढा. रुईच्या झुडपावर भुंगे हमखास. तुरीच्या बहारात मेगाकायली बघा, फुलावर बसली की पोट वर उचलते आणि खाली पिवळाधम्मक ब्रश दिसतो, अख्ख्या माशीत तेवढाच उठून दिसतो. कपाशीच्या पानाखाली मधल्या शिरेवर रसाचा बारीक खड्डा असतो, फूल नसलं तरी गांधीलमाश्या तिथे चाटायला येतात, नवखे वरूनच बघून पुढे जातात. कोथिंबीर, शेपू फुलावर सोडा, आखूड तोंडाच्या बारक्या गांधीलमाश्यांना ती उघडी फुलं सोपी पडतात. ठिबकची नळी जिथे गळते त्या ओल्या मातीपाशी कुंभारणी, म्हणजे चिखलाचं घरटं बांधणाऱ्या माश्या, येतात, जबड्याने चिखलाची गोळी करताना त्यांचा आवाज एकदम बारीक चढतो, तेवढा वेळ ती जागची हलत नाही. तिथेच बसा.

त्या कुंभारणींतही दोन घराणी आहेत. बसल्यावर पंख लांबीत घडी घालून अरुंद करते ती खऱ्या गांधीलमाश्यांच्या कुळातली, घरट्यात अळ्या भरते. घडी न घालता ठेवते ती स्केलिफ्रॉन, ती कोळी भरते. गोठ्याच्या भिंतीवर दोन्ही सापडतील.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र भरताच्या वांग्याचं शेत. वांग्याच्या फुलात पराग नळीत बंद असतो, टोकाला फक्त भोक. माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता अंग थरथरवते, झूं... झूं... असा तुटक आवाज येतो आणि पोटावर पिवळी भुकटी सांडते. आपल्या मधमाश्यांना हे जमत नाही, अमेगिलाला नि भुंग्यांना जमतं. डोळे मिटून ऐका, फोटोच्या आधी आवाजानेच कळेल कुठल्या फुलावर आहे. मी अशीच सरीत उकिडवी बसले होते तर सालदार मागे येऊन म्हणे, "ताई, काय करी ऱ्हायनी?" दाखवलं त्यांना स्क्रीनवर. तेव्हापासून नवी माशी दिसली की तेच हाक मारतात. गुरू असा पाहिजे बघा.

गुरूंवरून आठवलं. एका धूसर फोटोवरून दोन सेकंदात पूर्ण जातीचं नाव सांगणाऱ्या माणसापासून लांब राहा, मग तो कितीही सिनियर असू दे. चांगला माणूस विचारतो, कडेचा आहे का, कुठल्या झाडावर होती, किती वाजता. फोटोवरून जात सुचवणाऱ्या आयनॅचरलिस्ट अ‍ॅपचं सजेशनही फक्त धागा म्हणून धरा, बाहेरच्या देशातली जात बिनधास्त सुचवतं ते. बिंगहॅमचा १८९७ चा, ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरच्या मालिकेतला मधमाश्या-गांधीलमाश्यांवरचा खंड अजून कामाचा आहे, पण नावं बदललीत, त्यात अमेगिला शोधाल तर अँथोफोरा म्हणून सापडेल. जगात मधमाश्यांच्या, म्हणजे अमेगिला, मेगाकायली, भुंगे सगळे धरून, २०,००० च्या वर जाती आहेत, सगळ्या फोटोवरून ओळखता येत नाहीत, 'मेगाकायली, पुढे माहीत नाही' हे पूर्ण उत्तर आहे.

शॉर्टकट म्हणून माशी डबीत पकडून फ्रीजमध्ये गार करून फोटो काढणारे आहेत. मला अजिबात पटत नाही. पाय आखडलेली, पंख वेडेवाकडे, ते बघणाऱ्यालाही कळतं. त्यापेक्षा संध्याकाळी बांधावर जा. अमेगिलाचे नर वाळक्या काडीला जबड्याने धरून, ओळीने लटकून झोपतात. सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नाहीत. कडेने, समोरून, पाहिजे तसे फोटो घ्या, काडीला फक्त धक्का लावू नका.

आता चावण्याचं. डंख फक्त माद्यांना असतो आणि एकट्या राहणाऱ्या जाती उगीच कोणाच्या वाटेला जात नाहीत, त्यामुळे फुलावरच्या माशीला घाबरू नका. आग्यामोहोळाला मात्र घाबराच. पाण्याच्या टाकीला, पिंपळाला, अजिंठ्याच्या कड्यांना लटकलेली ती पोळी लांबूनच, झूम लेन्सने, आणि अत्तर-सेंट न लावता. डंख मारलेल्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तोच बाकीच्यांना बोलावतो, रसायन खरंच केळ्याच्या वासातलंच आहे. रावेर-यावलकडे केळीचेच मळे, तिथे या वासाने कोणी दचकणार नाही ही अडचण. हल्ला झाला तर हात झटकू नका, तोंड झाका, पळा, गाडीत किंवा घरात शिरून दार लावा, विहिरीत उडी नाही. मधमाशीचा काटा आत राहतो, नखाने लगेच खरवडून काढा. श्वास लागला, तोंड सुजलं, चक्कर आली तर थेट दवाखाना, घरगुती उपाय नंतर.

आणि कपाशी, वांगी, डोंगळे, कुठल्याही शेतात शिरण्याआधी मालकाला एकच विचारा, फवारणी कधी झाली. काल-परवा झाली असेल तर आत जाऊ नका. तसंही त्या दिवशी तिथे माश्या नसतात, सरीत पडलेल्या सापडतात.