पंधरा सेकंदांचा ट्रॅक: ऑथर मेडलच्या पुढे

ट्रॅकमॅनिया या कार शर्यतीच्या गेममध्ये खेळाडूंनी बांधलेले छोटे ट्रॅक, म्हणजे सपाट रस्ता, दोन वळणं, एक उडी, सजावट शून्य, बघायला पोरखेळ वाटतात. ऑथर मेडल म्हणजे बांधणाऱ्याची स्वतःची वेळ. ती बऱ्याचदा मोडते. खरी झोंबाझोंबी त्यानंतर, सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी.

आधी एक फेरी सावकाश मारा आणि चेकपॉइंट, म्हणजे वाटेत पार करावीच लागणारी ठिकाणं, मोजून घ्या. क्रम कुठलाही चालतो, सगळे घेतले की झालं. कडेला भिंत नसेल तर शॉर्टकट शोधा, पण चाक गवतावर गेलं की पकड सुटते.

उलटी मोजणी चालू असतानाच गॅस दाबून धरा, त्याला दंड नाही. मग वळणापर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. डावी-उजवी प्रत्येक टिचकी वेग खाते. गाडी तिरकी झालीच तर एकदाच सावरा, दुसऱ्यांदा सावरायला गेलात की नागमोडी सुरू. कीबोर्डवर बाणाचं बटण थेट पूर्ण स्टिअरिंग देतं, म्हणून ते कमी करणाऱ्या ॲक्शन की बोटाजवळ लावून घ्या.

वळण आंबोली घाटातल्या एसटीसारखं घ्या: आधी बाहेरची कड, मग आतला कोपरा, मग पुन्हा बाहेर. वळण तीव्र असेल तर स्टिअरिंग धरूनच ब्रेकला टिचकी मारा. मागचा भाग घसरू लागला की ब्रेक सोडा, गॅस मात्र सोडू नका. ब्रेक जास्त वेळ राहिला की गिअर खाली पडतो. इंजिनाचा आवाज बदलतो तो हाच, आणि पुढची अख्खी सरळ रेघ वाया जाते. असा आवाज आला की थांबू नका, तिथेच रिस्टार्ट.

स्पीडस्लाइडच्या, म्हणजे गाडी किंचित तिरकी घसरवत वेग वाढवण्याच्या, नादी इथे लागू नका. ती ताशी 400 किमीच्या वर कामाला येते, एवढ्याशा ट्रॅकवर तो वेग क्वचितच गाठला जातो.

हवेत गॅसचा उपयोग नाही, म्हणून उडी जितकी बुटकी तितकी बरी. कड सरळ सोडा. नाक खाली जाऊ लागलं तर हवेतच ब्रेक मारा, गाडीचं फिरणं थांबतं. चारही चाकं एकदम टेकली पाहिजेत.

त्याच कळा त्याच क्षणी दाबल्या तर वेळ तीच येते, गेममध्ये नशिबाचा भाग नाही. म्हणून आपलाच सर्वोत्तम घोस्ट, म्हणजे आधीच्या फेरीची सोबत धावणारी सावली-गाडी, समोर ठेवा आणि पहिल्या चेकपॉइंटला मागे पडलात तर फेरी सोडून द्या.

गाडीचं गणित आपल्याच मशिनवर होतं, त्यामुळे नेटचा पिंग (सर्व्हरपर्यंतचा विलंब) वाईट असला तरी फेरी बिघडत नाही, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडला तर मात्र गाडी सावरणं अवघड होतं. मे महिन्यात लॅपटॉप तापतो, सावल्या बंद करा. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने बटणं अडकतात, खेळण्याआधी चारही बाण तपासा. गेममध्ये रोज निवडला जाणारा नवा ट्रॅक, ‘ट्रॅक ऑफ द डे’, आपल्याकडे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर रात्री 10.30 ला आणि एरवी 11.30 ला येतो. पावसाळ्यात त्या वेळी लाईट जातेच, तेव्हा राउटरही इन्व्हर्टरवर घ्या.