बूमसाठी गूजनेक मागवताना या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यावर अशी ड्रॉइंग सारखी येतात: "5 एमएम, लांबी 150, लवचिक." लवचिक तर बागेतला पाइपही असतो! गूजनेक म्हणजे हेडसेटचा माइक तोंडापुढे धरणाऱ्या दांड्याची, म्हणजे बूमची, वाकणारी धातूची नळी. ती वाकली पाहिजे आणि वाकवली तिथेच थांबली पाहिजे. आत गोल तारेची स्प्रिंग, तिच्या वेढ्यांच्या फटीत घट्ट बसवलेली त्रिकोणी तार. या दोन तारांचं घर्षण नळी धरून ठेवतं.

म्हणून टोकाचं वजन न सांगणं ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. ऐरोलीकडच्या एका पार्टीने 400 नग घेतले. नमुना हाताने वाकवून पाहिला, "मस्त आहे" म्हणाले. आम्हीही पुढे काही विचारलं नाही, तेवढी चूक आमची. जोडणीत माइक, त्याचं कवच आणि फोम मिळून 10 ग्रॅम भरले. आठवड्याभरात निम्म्या ऑपरेटरांचे माइक हनुवटीखाली, आणि सगळा माल परत.

हिशेब अगदी साधा. बूम आडवा असेल तर 10 ग्रॅम गुणिले 15 सेंटिमीटर, म्हणजे मुळाशी 150 ग्रॅम-सेंटिमीटर. नळी स्वतः 16 ग्रॅमची असेल तर तिचे अर्ध्या लांबीवर आणखी 120. दोन्हींची बेरीज, 270, ड्रॉइंगवर हवी, सोबत सर्वात लहान वाकण-त्रिज्याही. मी तर नमुन्याच्या टोकाला दहाची दोन नाणी, साधारण 15 ग्रॅम, टेपने चिकटवतो, नळी आडवी धरतो आणि रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी टोक खाली आलेलं दिसलं की नमुना बाद. एवढी एक रात्र थांबायला कुणी तयार नसतं.

दुसरी चूक नवशिक्या पोरांची. वाकवताना नळी करकरते, तो आवाज थेट माइकमध्ये जातो. लगेच कुणीतरी तेलाचा स्प्रे मारतो. करकर बंद होते आणि बूमही लोंबतो, कारण तेलाने घर्षणच खाल्लं. स्प्रे लांब ठेवा. माइकची जागा बोलण्याआधी बदलायची, बोलताना नाही.

बाकीच्या थोडक्यात. बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, वायरइतकाच धरू नका, वायर सैल सरकली पाहिजे. मुळाशी थोडी ढिली ठेवा, नाहीतर वाकवताना सोल्डर ओढला जातो. नळी पकडीने तोडू नका. टेप गुंडाळून पातळ कटिंग चाकाने कापा, कड घासा, नाहीतर तीच कड वायरचं आवरण सोलते. बूम फिरवायचा असेल तर कानाशी फिरता सांधा आणि त्याला अडवणी द्या. नळी पिळली तर एका दिशेला वेढे उकलतात. नळी ग्राउंडला जोडलेली नसेल तर माइकमध्ये हम, म्हणजे सतत घूं-घूं आवाज, येऊ शकतो. आणि उघडं प्लेटिंग आपल्याकडच्या पावसाळ्यात, वर गालाच्या घामात, फार टिकत नाही. स्लीव्ह चढवा किंवा स्टेनलेसचे पैसे मोजा.