क्लिअर मारायच्या आधी गन सेट कशी करायची

गाडीला स्प्रे गननं कलर मारल्यावर वरून जो पारदर्शक चमकीचा थर देतो तो क्लिअर. नवीन पोट्टे विचारतात, भाऊ क्लिअर काचेसारखा येतच नाही, संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार येतो, कोणता थिनर टाकू. थिनरचा दोष क्वचितच असतो राजेहो, कलर मारला त्याच सेटिंगवर क्लिअर मारून दिला असतो. बेस कलर पातळ, क्लिअर जाडसर, मग त्याचे बारीक थेंब करायला हवेचं प्रेशर पण तसंच लागते ना.

आधी नोझल, म्हणजे मटेरियल बाहेर येते ते समोरचं भोक. क्लिअरला १.३ किंवा १.४ मिमी. प्रायमरची १.८ वाली गन क्लिअरला वापरू नका, थेंब मोठे पडतात.

मग हवा. रेग्युलेटर (प्रेशर कमी-जास्त करायचा, काटावाला) गनच्या बुडाशी लावा, फक्त कॉम्प्रेसरजवळचा काटा पाहून काही समजत नाही कारण लांब नळीत प्रेशर पडतं, आणि काटा पाहायचा तो ट्रिगर ओढून, हवा सुटत असताना. एचव्हीएलपी गन (जास्त हवा, कमी प्रेशरवाली) असेल तर २६ ते २९ पीएसआयच्या आसपास, एचव्हीएलपी नसलेली साधी, वर कपवाली ग्रॅव्हिटी गन असेल तर ३५ ते ४०, बाकी तुमच्या गनसोबत आलेल्या कागदावर जे लिहिलं तेच खरं. एचव्हीएलपी हवा भल्ली खाते, २ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर तिला पुरत नाही. मी हे नुकसान करून शिकलो. पोळ्याच्या आधी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं बोनट घेतलं होतं, गावात व्होल्टेज पडलेलं, कॉम्प्रेसरची टाकी भरेना, तरी मारत गेलो, अर्धं बोनट आरशासारखं आणि अर्धं दाणेदार. पूर्ण वाळवून, घासून परत मारावं लागलं आणि त्या माणसाला सणाला ट्रॅक्टर देता आला नाही, ते अजून मनाला लागते. तेव्हापासून टाकी पूर्ण भरल्याशिवाय मोठ्या पॅनलला हात लावत नाही.

आता खरं काम, कागदावर. भिंतीला जुना पेपर चिकटवा. फॅनचा (फवाऱ्याच्या रुंदीचा) नॉब पूर्ण उघडा, मटेरियलचा (क्लिअर किती सुटतो त्याचा) नॉब पूर्ण बंद करून मग अडीच-तीन आटे उघडा. गन कागदापासून ६ ते ८ इंच, म्हणजे एक वीत किंवा थोडी कमी, आणि ट्रिगर क्षणभर ओढून सोडा. ८-१० इंचाचा उभा लांबट ठसा पाहिजे, कडेपर्यंत थेंब बारीक. कडेचे थेंब जाड दिसले तर २-३ पीएसआय वाढवा. दोन्ही टोकं जाड आणि मध्ये पातळ, डंबेलसारखा, तर हवा जास्त झाली किंवा मटेरियल कमी. मध्येच सगळा ढीग असेल तर उलटं. आणि केळ्यासारखा वाकडा ठसा आला तर नॉब फिरवत बसू नका, भोक बुजलं आहे. एअर कॅप (नोझलवरची हवेच्या भोकांची टोपी) अर्धा फेरा फिरवून परत मारा, केळंही उलटं झालं तर घाण कॅपमध्ये, तसंच राहिलं तर नोझलमध्ये. थिनरमध्ये भिजवून लाकडी टूथपिकनं साफ करायचं, तार घालायची नाही, भोक मोठं झालं की कॅप गेली.

अजून एक चाचणी. कॅप फिरवून फॅन आडवा करा आणि ओघळ येईपर्यंत ट्रिगर धरून ठेवा. सगळ्या लांबीत ओघळ सारखे उतरले तर गन तयार, एकाच जागी लांब उतरले तर बोनटवर पण तिथंच ओघळणार. स्प्लेंडरच्या टाकीला फॅन ५-६ इंच करा, पण फॅन कमी केला की मटेरियलही कमी करा, हे विसरले की टाकीच्या कडेला ओघळ आलाच समजा.

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, थिनर हवेतच उडतो आणि क्लिअर कोरडा बसतो, तेव्हा स्लो (हळू उडणारा) थिनर घ्या आणि सकाळी सहाला काम धरा, दुपारी वारं सुटलं की धूळ अन् जिनिंगची रुई सगळी पॅनलवर. शेडमध्ये खाली पाणी शिंपडा. पावसाळ्यात रोज कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढा.

पहिला कोट मध्यम ओला, ५ ते १० मिनिटं थांबा (डब्यावर लिहिलं असते तेवढं), मग दुसरा भरून. प्रत्येक हात आधीच्या पट्ट्यावर निम्मा तरी चढला पाहिजे. डोळे गनवर नको, ओल्या कडेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. ट्यूबची कड थरथरलेली दिसली तर क्लिअर कमी पडून राहिला, हात थोडा हळू करा, सरळ रेघ झाली की पुढं सरका.

हे मनापासून सांगतो, तोंडाला दुपट्टा बांधून क्लिअर मारू नका. क्लिअर कडक व्हायला त्यात जो हार्डनर टाकतो त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असते, त्याचा वास न येताही ते फुप्फुसात जाते आणि एकदा दम्याचा त्रास लागला की थोड्याशा वाफेनंही परत उठतो. बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क सगळ्यात चांगला, निदान नीट बसणारा कार्ट्रिजवाला तरी घ्या, हातमोजे पण.

काम झालं की गन लगेच धुवा, चहा नंतर. हार्डनर टाकलेला क्लिअर आत राहिला तर दगड होते. आणि पूर्ण गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, आतलं पॅकिंग फुगते आणि सुईजवळून गळायला लागते.